चप्पल पिशवीत असू दे

*ताई, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय २९, चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते. या नवरात्रात नऊ दिवस पायात काही घातलं नाही. नवस नव्हता, मैत्रिणी करतात म्हणून केलं. पण दसऱ्याला चपला घातल्या तेव्हा पाय कोंडल्यासारखे वाटले. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. डिसेंबरात पंधरा दिवसांची रजा टाकून गुहागर ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं, सगळं अनवाणी, एकदाही चप्पल न घालता. अमेरिकेत दोन बहिणी हजारो किलोमीटर अशा चालल्या असं वाचलं, मग मला एवढं का जमू नये? आई ऐकूनच रडली. तिला पहिली चप्पल सातवीत मिळाली, मामा गणपतीला मुंबईहून घेऊन आले तेव्हा. म्हणते, "आम्ही चपलेसाठी जन्म काढला आणि तू पायातली काढून टाकतेस?" बाबांना उलट कौतुक आहे. त्यांना बारा वर्षं साखर आहे, तरी म्हणतात, "आमचे पाय शेतात घडलेत, पहिले दोन दिवस मीपण येतो, अनवाणीच." ताई, सराव कसा करू? रोज किती चालू? आणि आईला कसं समजावू?*

*– एक वाचक, गुहागर*

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण पत्रात तू जाता जाता एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस, तिथे मला आधी थांबायचं आहे. बाबांनी अनवाणी यायचं नाही. दोन दिवस नाही आणि दोन तासही नाही.

बाबा म्हणतात तसे त्यांचे पाय शेतात घडलेले असतील. पण ते झालं कातडीचं. बारा वर्षांच्या साखरेनं आतल्या नसांचं काय केलंय ते कातडीकडे पाहून कळत नाही. मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो, कारण दुखणंच कमी झालेलं असतं. खडकावरच्या कालवाची कड ब्लेडसारखी कापते. तुला ती लागली तर तू ओरडशील. बाबांना ती संध्याकाळी पायावर पाणी घेताना दिसेल, किंवा दिसणारही नाही. दुपारच्या तापलेल्या वाळूनं त्यांच्या तळव्याला फोड येतील आणि ते चालत राहतील. मग त्या जखमेत वाळू, खाडीचा चिखल, आणि भरून यायला महिनेमहिने. पायाचं बोट किंवा पाऊल गमावण्याची कितीतरी प्रकरणं अशाच न दुखणाऱ्या जखमेपासून सुरू होतात.

आज घरीच एक गोष्ट करून बघ. बाबांना पलंगावर पाय सैल सोडून झोपव, डोळे मिटायला सांग. मग त्यांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला, मागेपुढे क्रम बदलत, तुझ्या बोटानं अगदी हलका स्पर्श कर. एकेका ठिकाणी सेकंद-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, पुन्हा हात लावायचा नाही. कळलं की "हां" म्हणायचं. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी त्यांना कळलं नाही तर पायाची जाण गेली आहे असं धरायचं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचं. मग त्यांनी घरातसुद्धा चपलेशिवाय वावरायचं नाही. सहाच्या सहा ठिकाणी कळलं तर उत्तम, तरीही किनाऱ्यावर त्यांच्या पायात बूट हवेतच. बोटं झाकणारे, आतून मऊ, पायमोज्यांसह. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघायचं, आणि रात्री त्यांचे तळवे तू बॅटरीच्या उजेडात बघायचेस. लेकीनं तळवे तपासले तर त्यांना संकोच वाटेल. वाटू दे.

त्यांना बरोबर घेऊन मात्र नक्की जा. तुला त्यांची गरज कुठे लागणार आहे ते पुढे सांगते.

आता त्या दोन बहिणी. ल्यूसी आणि सुझान लेचर, २००० साली अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मेन राज्यातून अ‍ॅपलाचियन वाटेवर निघाल्या. ही वाट सुमारे ३५०० किलोमीटरची, मेनपासून दक्षिणेला जॉर्जियापर्यंत. त्या बहुतेक सगळी अनवाणी चालल्या. त्यातला 'बहुतेक' हा शब्द तुझ्या वाचनातून निसटला असावा. बर्फ फार झाला तेव्हा त्यांनीही पायात घातलंच. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेला. अनवाणी चालणं ज्यांना खरोखर साधलं त्यांनी चपलेशी वैर धरलेलं दिसत नाही.

म्हणून माझं तुला पहिलं सांगणं हे, की "एकदाही चप्पल न घालता" ही अट आजच काढून टाक. तुझ्या बेतात पायाला खरा धोका या अटीचाच आहे. अट असली की माणूस पायाचं ऐकत नाही. तळवा हुळहुळला, टाच फाटली, रस्त्यावर नवी खडी पडली आहे, अंधार पडत आलाय, तरी माणूस शब्दाला जागतो. तू अनवाणी चाल, मनसोक्त चाल. रबरी तळाची, घोट्याला पट्टा असलेली हलकी सँडल पिशवीला बाहेरून अडकवलेली असू दे, म्हणजे काढघाल करायला बसावंही लागणार नाही. कातड्याची चप्पल नको, खाऱ्या पाण्यानं चार दिवसांत ताठ होते.

कुठे काढायची आणि कुठे घालायची, हे आपल्या किनाऱ्यावर नीट समजून घ्यावं लागतं, कारण इथे मैलामैलाला जमीन बदलते. भरतीच्या रेषेखालची ओली, घट्ट वाळू सगळ्यांना आवडते. गुहागरसारखा लांब किनारा असला की थांबावंसंच वाटत नाही. पण ओली वाळू तळव्याला पॉलिश पेपरसारखी घासत असते. दोन-तीन तासांनी तळवा गुळगुळीत, गुलाबी आणि नाजूक होतो. त्यात तो भिजून मऊ पडलेला असतो. अशा पायानं वाळू संपताच थेट जांभ्याच्या खरखरीत दगडावर चढलीस तर पहिल्या पन्नास पावलांत कापून घेशील. पुळण संपली की बस, पाय पुसून कोरडे कर, अर्धा तास वाऱ्याला ठेव, मगच पुढे निघ. घाई असेल तर सँडल घाल.

दुसरं, किनारा सपाट नसतो, समुद्राकडे उतरता असतो. तू उत्तरेकडून दक्षिणेला जाणार, म्हणजे समुद्र सतत उजव्या हाताला, आणि उजवा पाय सतत खालच्या अंगाला. एक दिवस काही जाणवत नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या गुडघ्यात आणि उजव्या कंबरेत कळ येते आणि माणूस उगीच पिशवीला दोष देतो. ओहोटी पूर्ण लागली की वाळू खालपर्यंत सपाट मिळते. तेवढ्याच वेळात चालायचं.

वरच्या कोरड्या वाळूत, सुरूच्या बनात, सँडल. सुरूची ती चिमुकली बोंडं वाळूत अर्धी पुरलेली असतात आणि नेमकी टाचेच्या मधोमध लागतात. जेटीच्या आणि मासळी सुकवायच्या जागांच्या आसपासही सँडल घाल. तिथे गळ, जाळ्याचे तुकडे, आणि शिंगाळा माशाचा काटा असतो. मेलेल्या शिंगाळ्याचा वाळूत पडलेला काटासुद्धा पायात आरपार शिरतो आणि विषारी ठणका लावतो. पर्यटकांची गर्दी असलेल्या किनाऱ्यांवर फुटक्या बाटल्या. याचा मला फार राग येतो. कोळणी जिथे अनवाणी टोपली घेऊन चालतात तिथे लोक बाटल्या फोडून जातात.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाशील तेव्हा हिवाळ्यातलं गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं कातडीत तिरकी शिरतात आणि चालू तशी आत सरकतात. चिमटा आणि सुई जवळ ठेव. कातळ सकाळी गार, अकरानंतर तवा. पुढे कधी कशेळीच्या कातळशिल्पापर्यंत पोहोचलीस, तर कातळात कोरलेला तो हत्ती बाजूने फिरून बघ. कोरलेल्या रेषांवरून अनवाणीसुद्धा चालू नकोस. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीपेक्षा आपल्या पायांनी त्यांची राखण अधिक होईल.

खाडीच्या मुखाशी पाण्यातून चालत पलीकडे जायचं धाडस करू नकोस, ओहोटीला कितीही उथळ दिसलं तरी. चिखलाखाली कालवं असतात, तिवरांची श्वासमुळं सुळ्यांसारखी वर आलेली असतात, आणि प्रवाह दिसतो त्याहून जोरदार असतो. तवसाळ ते जयगड फेरीबोट आहे, तिने जा. बोटीत बसल्यानं तुझ्या चालण्याला काही कमीपणा येत नाही. उथळ समुद्रात घोटाभर पाण्यातून चालताना पाऊल उचलून टाकू नकोस, वाळूतून घसटत ने, म्हणजे तळाशी पसरलेला पाकट मासा आधीच सरकतो. पाकटाचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेव. त्यानं ठणका उतरतो. मग लगेच दवाखाना.

आता बाबांकडे येऊ. भरती-ओहोटीचं गणित त्यांना विचार, त्यांना येत असणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, पण पायी चालणाऱ्याला पुरतो. अष्टमीला भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी. म्हणजे चांगली वाळू उघडी पडते तेव्हा डोक्यावर ऊन. तो दिवस अनवाणी चालणाऱ्याच्या कामाचा नाही. पण पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की द्वितीयेला ओहोटी साडेसातच्या सुमाराला, पंचमीला पावणेदहाच्या. डिसेंबरात सातच्या आत उजाडतं. म्हणजे प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत रोज सकाळी तुला गार, रुंद, सपाट किनारा मिळेल. एक लक्षात ठेव. यातल्या सुरुवातीच्या दिवसांत उधाण असतं, भरतीचं पाणी नेहमीपेक्षा वर येतं. तेव्हा दुपारी एखाद्या टोकाखालच्या खडकांत अडकून पडू नकोस. टोकं सगळी वरून, रस्त्यानं ओलांड. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना पाहायला जाशीलच, पण लांब कोरड्या खडकावरूनच बघ.

तर रजेचा अर्ज कॅलेंडरच्या रविवाराप्रमाणे न टाकता तिथीप्रमाणे टाक. आणि पंधरा दिवसांची टाकू नकोस, सहा दिवसांची टाक. गुहागर ते गणपतीपुळे, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला फेरी धरून, पुढे जयगडहून मालगुंड. एवढंच या डिसेंबरात. भाट्ये, गावखडी, आंबोळगड, विजयदुर्ग, कुणकेश्वर, आचरा, तळाशील हे पुढच्या हिवाळ्याला ठेव.

असं का म्हणते ते सांगते, म्हणजे तुझ्या सरावाचंही उत्तर मिळेल. नवरात्रातले नऊ दिवस म्हणजे घर, देऊळ, पतसंस्थेची फरशी. त्यात तुझा तळवा थोडा जागा झाला, एवढंच. कातडी काही आठवड्यांत जाड व्हायला लागते. पोटरी आणि पावलातले स्नायू त्याहून सावकाश. हाडं सगळ्यांत सावकाश. एका पावलात २६ हाडं असतात, आणि बोटांच्या मागची लांब, बारीक हाडं नव्या भाराला तयार व्हायला महिने घेतात. घोटाळा असा की कातडी आधी तयार होते, म्हणून माणसाला वाटतं की पाय तयार झाला. २०१३ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे धावपटू घेतले, त्यांतल्या काहींना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या, जवळजवळ अनवाणी वाटणाऱ्या बुटांची सवय करायला लावली. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत एमआरआयमध्ये सूज वाढलेली दिसली. ही रोज धावणारी माणसं होती. तुझ्याकडे डिसेंबरापर्यंत जेमतेम तेवढाच वेळ आहे, आणि पाठीवर पिशवीही असणार.

सराव पाखाडीवर, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेवर कर. आपल्याकडे गावात जांभ्याच्या पाखाड्या आहेत हे केवढं भाग्य आहे! चढ, उतार, खडबडीत दगड, मध्ये मातीचा तुकडा, सगळं एका वाटेत. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड वीस मिनिटं, पिशवी न घेता. मग अर्धा तास, मग पाऊण. आठवड्याला थोडंथोडं वाढव आणि चौथा आठवडा मुद्दाम कमी कर. दीड महिन्यानंतर पाठीवर दोन-तीन किलो वजन घे. फक्त पुळणीवर सराव केलास तर पुळणीपुरतीच तयार होशील.

चालताना पावलं लहान टाक. पाय घासू नकोस, वळताना तळव्यावर गिरकी घेऊ नकोस, फोड त्यानंच येतात. नजर दोन-तीन पावलं पुढे. हल्ली कुणीकुणी सांगतात की अनवाणी चालायचं तर चवड्यावर चालावं. ते ऐकू नकोस. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचं २०१० सालचं प्रसिद्ध संशोधन, अनवाणी माणसं बहुधा चवड्यावर उतरतात असं सांगणारं, धावण्याबद्दल आहे. चालताना टाच आधी टेकते आणि टेकू द्यावी, फक्त हलकी. त्यांच्याच गटाचं २०१९ सालचं आणखी एक काम मला फार आवडतं. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासून त्यांनी दाखवलं, की चालून चालून जाड झालेल्या तळव्याची स्पर्शाची जाण कमी होत नाही. जाड तळव्यालाही जमीन कळते. तुला नवरात्रात जे आवडलं ते हेच असणार, आणि ते टिकेल.

पोटऱ्या दुखतील, ते ठीक. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखलं, सुजलं, तर त्या दिवशी सराव थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. रात्री टाचांना भिरंडेल चोळ. कोकमाच्या या तेलानं भेगा भरतात हे तुझ्या आजीला माहीत होतं. पण तळवा फार तुकतुकीत, मऊ करू नकोस. भोवरी आली असेल तर ब्लेडनं कापू नकोस.

रोज किती चालू, विचारलंस. अनवाणी माणसानं दिवसाला दहा-बारा किलोमीटर धरावेत. त्यातलेही सगळे अनवाणी होतील असं नाही. सकाळी तीन तास चाललीस, दुपारी पाय वर करून पडलीस, संध्याकाळी घटकाभर आणखी, तर सहा दिवस पाय साथ देईल.

अंधारात मात्र चप्पल न घालता एक पाऊलही नको, अंगणातून मोरीपर्यंतसुद्धा. फुरसं आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर. ते लहान असतं, जांभ्याच्या मातीच्या रंगाचं, दगडाच्या कडेला वेटोळं करून बसतं आणि पाय जवळ आला की सरकत नाही, डसतं. साप चावला तर बांधू नकोस, कापू नकोस, चोखू नकोस. तो अवयव न हलवता ठेव, १०८ ला फोन कर, सरकारी रुग्णालय गाठ. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. विंचू चावला तरी असंच, थेट रुग्णालय गाठ. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले किती जीव वाचवले ते जगजाहीर आहे, त्यांना २०२२ साली पद्मश्रीही मिळाली. तेव्हा मंत्र, पाला यांत वेळ घालवायचा नाही. निघण्यापूर्वी धनुर्वाताची सुई घेतलेली असू दे. पायाला चीर असताना वायंगणी, म्हणजे हिवाळी भाताच्या शेताच्या चिखलातून किंवा साचलेल्या ओहोळातून जाऊ नकोस, लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू तिथूनच शिरतात. परत आल्यावर तळव्यावर नागमोडी, खाजरी रेघ दिसली तर ती कुत्र्यांच्या विष्ठेतल्या कृमींची असते. औषधानं जाते, पण दाखवायला हवी.

आणि आई.

तिला समजावू नकोस. तुझ्याकडे सांगायला अभ्यास आहेत, ऑलिम्पिक आहे, अमेरिकेतल्या बहिणी आहेत. मीही वर तेच सगळं सांगितलं. त्यातलं एकही तिच्यासमोर काढू नकोस. आपल्याच देशात १९९२ साली २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेऊन दाखवलं गेलं, की चपला-बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के आणि न घालणाऱ्यांत २.८ टक्के होतं. खरी गोष्ट आहे. पण सातवीपर्यंत अनवाणी शाळेत गेलेल्या बाईला "तुझ्या पायाची कमान चांगली झाली" असं सांगायला आपली जीभ वळू नये.

तिच्या लहानपणी अनवाणी असणं म्हणजे शेणातून, चिखलातून, मे महिन्याच्या कातळावरून जाणं होतं. पावसाळाभर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. मातीतून पायावाटे शिरणारे अंकुशकृमी बायकांचं रक्त पीत, आणि "अंगात काही नाही हिच्या" म्हणून त्या बायकांनाच नावं ठेवली जात. आणि कितीतरी घरांना तर चप्पल परवडली तरी वरच्या आळीतून जाताना ती काढून हातात घ्यावी लागे. कोकणात चप्पल ही फक्त पायाखालची वस्तू कधीच नव्हती. मामानं मुंबईहून आणलेल्या त्या जोडीत तुझ्या आईला काय काय मिळालं असेल, ते तूच तिला विचार. विचारलं आहेस का कधी? शाळा किती लांब होती, वाटेत ओहोळ होता का, पाय भाजले की काय करायची, पहिल्या दिवशी ती चप्पल घालून कुठे गेली. तिला बोलू दे. मध्ये तुझा बेत आणू नकोस. त्या दिवशी तर नाहीच.

नंतर कधीतरी सांग की चप्पल बरोबर आहे, लागेल तेव्हा घालणार आहे. तिनं रडून सांगितलं ते तुला पटलंय म्हणूनच ती बरोबर असणार आहे, हेही सांग. आणि फोटो टाकशील तेव्हा "आपले पूर्वज असेच चालायचे" असलं काही त्याखाली लिहू नकोस. ती वाचेल. तुला पाय मोकळे सोडावेसे वाटले, कारण तुझ्या आयुष्यात चप्पल कायम दाराशी होती. ती तिथे असावी म्हणून कुणीतरी चाललंय.

गावात लोक विचारतील, नवस बोललीस का. "नाही, आवडतं म्हणून चालतेय" एवढं सांगून पुढे हो. प्रत्येकाला पटवत बसलीस तर ओहोटी निघून जाईल.

सराव सुरू झाला की कळव. पाखाडीवर पहिल्या आठवड्यात पाय कुठे दुखला, तळव्याच्या कोणत्या भागात, चढताना की उतरताना, तेवढं नेमकं लिही, म्हणजे पुढचे आठवडे कसे वाढवायचे ते सांगता येईल.

तुझी,
ताई